कायदा ‘पास’ झाला, पण लागू झाला का? सोलापुरात बसून राज्याचा नवा कायदा शोधायची रीत

२०१७ चा ऑगस्ट. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन नुकतंच संपलेलं. नव्या पेठेतल्या एका कापड दुकानदाराचा फोन आला, “अण्णा, दुकानांचा नवा कायदा पास झाला की! आता रात्री उशिरापर्यंत शटर वर ठेवलं तर चालतंय ना?” मी तेव्हा लोकांना अर्ज लिहून द्यायच्या या कामात नवा होतो. पेपरात बातमी वाचलेली. कुणीतरी मोबाईलवर पाठवलेली पीडीएफ उघडली, कलमं दिसली, आणि बेधडक सांगून टाकलं, “चालतंय.” वर त्याच पीडीएफमधला मजकूर टाकून एक अर्जही लिहून दिला. दोन दिवसांनी अर्ज परत आला. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे एवढंच विचारलं होतं, “हे विधेयक आहे हो. राजपत्र कुठं आहे?”

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७. तो राजपत्रात, म्हणजे शासनाच्या अधिकृत गॅझेटमध्ये, आला ७ सप्टेंबर २०१७ ला. अंमलात आला १९ डिसेंबर २०१७ पासून. त्याखालचे नियम निघाले २३ मार्च २०१८ ला. आमच्या दुकानदाराने फोन केला होता ऑगस्टमध्ये. तो चार महिने आधी निघाला होता, आणि त्याला थांबवायचं माझं काम मी केलं नव्हतं.

तेव्हापासून कुणी “कायदा पास झाला” म्हटलं की मी आधी तारखा विचारतो. वकिलाकडे नव्याने लागलेले ज्युनिअर, कर सल्लागाराच्या ऑफिसात बसणारी मुलं, अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातले हिशेबनीस, पहिल्यांदाच निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, सोसायटीचे सचिव अशा सगळ्यांना हे काम कधी ना कधी पडतं. ते कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: हातातला कागद कोणता ते ओळखा

मोबाईलवर फिरणाऱ्या पीडीएफवर राजमुद्रा दिसली की लोकांना तो कायदा वाटतो. प्रत्यक्षात तो चार-पाच जातींपैकी कुठलाही कागद असू शकतो.

विधेयक ओळखायला सोपं. डोक्यावर ‘विधानसभा विधेयक क्रमांक’ किंवा ‘विधानपरिषद विधेयक क्रमांक’ असं असतं आणि शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेलं असतं, खाली मंत्र्यांचं नाव. हा नुसता प्रस्ताव. सभागृहात त्यात दुरुस्त्या होतात, एखादा खंड गळतो, एखादा नवा घुसतो आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. म्हणून विधेयकातला क्रमांक कलम म्हणून अर्जात लिहू नका. मी तेच केलं होतं. पण विधेयक टाकूनही देऊ नका. कायदा का आणला हे उद्देश व कारणांच्या निवेदनात साध्या भाषेत सापडतं, आणि राजपत्रात छापलेल्या अधिनियमात ते निवेदन नसतं.

विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य असलेली दोन्ही सभागृहं हो म्हणाली तरी कायदा होत नाही. राज्यपालांची अनुमती लागते, आणि काही विषयांत विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं जातं. शक्ती विधेयक आठवत असेल. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा म्हणून ते गाजलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी गेलं, आणि कायदा काही झाला नाही. तरी ‘शक्ती कायद्याखाली गुन्हा दाखल करा’ असं लिहिलेलं निवेदन मी स्वतः पाहिलंय.

अधिवेशन चालू नसताना घाई असेल तर राज्यपाल अध्यादेश काढतात. संविधानाच्या अनुच्छेद २१३ प्रमाणे त्याला कायद्याइतकंच बळ असतं, पण आयुष्य बेताचं. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली आणि जादूटोणाविरोधी अध्यादेश २६ ऑगस्टला आला. अधिनियम मात्र डिसेंबरच्या अधिवेशनात झाला. तेव्हा अध्यादेश हातात आला तर पुढच्या अधिवेशनात त्याचं काय झालं हे बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका. सोलापूरला अध्यादेश हा शब्द तसा नवा नाही म्हणा. १९३० साली ब्रिटिशांनी इथं मार्शल लॉ लावला, त्याच्या अध्यादेशाच्या नावातच ‘शोलापूर’ आहे. एवढा मान फार थोड्या शहरांना मिळाला असेल.

आणि जीआर. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच. शासन निर्णय हा मंत्रालयातल्या विभागाचा आदेश असतो. वर ‘शासन निर्णय क्रमांक’, शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि एक लांबलचक संकेतांक. योजना, अनुदान, बदल्या, समित्या यांसाठी तो महत्त्वाचा, पण तो विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे आणि त्याला कायद्याच्या वर जाता येत नाही. ‘जीआर निघाला म्हणजे कायदा बदलला’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, अधिनियमातलं कुठलं कलम बदललं?

दुसरी पायरी: राजपत्राचं पान वाचायला शिका

सोलापुरात ‘गॅझेट’ म्हटलं की दहातल्या नऊ जणांना नावबदल आठवतो. सेतूच्या आसपासच्या दुकानांवर पाट्याच असतात, ‘गॅझेट करून मिळेल’. ते चूक नाही. नाव, जन्मतारीख, धर्म बदलल्याच्या जाहिराती महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये येतात. पण तो राजपत्राचा एक कोपरा झाला. आणि बातम्यांत गाजलेलं ‘हैदराबाद गॅझेट’ हे तर आणखी निराळं. तो जुन्या नोंदींचा ग्रंथ, खरं म्हणजे गॅझेटिअर. सोलापूर जिल्ह्याचंही १८८४ चं गॅझेटिअर आहे, वाचायला झकास आहे, पण त्यात कायदे शोधू नका.

राजपत्र दोन तऱ्हांनी निघतं. एक साप्ताहिक. त्याच्या डोक्यावर ‘गुरुवार ते बुधवार’ असं लिहिलेलं असतं, इंग्रजी तारखेशेजारी शके तारीख, मग पृष्ठसंख्या आणि किंमत. दुसरं असाधारण राजपत्र. ते गरज पडेल त्या दिवशी निघतं. नवे अधिनियम आणि अध्यादेश बहुतेक याच असाधारण अंकांत असतात, त्यामुळे साप्ताहिक अंक चाळत बसून उपयोग नाही.

अंकाला भाग असतात. भाग एकच्या विभागीय पुरवण्या निघतात. सोलापूर जिल्हा पुणे महसूल विभागात येत असल्याने आपल्या कामाची ती पुणे विभागीय पुरवणी. भाग दोन जाहिरातींचा. भाग चारच्या पोटभागांत शासनाने आणि वैधानिक प्राधिकरणांनी केलेले नियम व आदेश. भाग पाच विधेयकांचा. अधिनियमांच्या इंग्रजी अनुवादासाठी भाग आठ बघायचा. मराठी पाठ वेगळ्या भागात छापला जातो.

दोन भाषांचा हा मामला जरा समजून घ्या, कारण पुढे भांडण होतं ते इथं. आपल्या राज्याचे अधिनियम मराठीत होतात. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ च्या खंड (३) प्रमाणे राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात छापलेला इंग्रजी अनुवाद हा त्या अधिनियमाचा इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानला जातो. भाग आठमधल्या अधिनियमाच्या सुरुवातीला या अनुच्छेदाचा उल्लेख असतोच. उच्च न्यायालयात जायचं असेल तर इंग्रजी प्रत लागणारच. आपल्या भागाची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, म्हणजे मुंबईची फेरी वाचली, इंग्रजी प्रत नाही वाचली. तालुक्याच्या कार्यालयात मात्र मराठी प्रत दाखवा. समोरचा माणूस वाचतो तरी.

आता पान उघडा. अधिनियमाचं शीर्षक नंतर वाचा. आधी क्रमांक बघा: ‘सन २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६१’. इंग्रजी अंकात हाच क्रमांक रोमन आकड्यात असतो, एल-एक्स-आय. एल म्हणजे ५०, एक्स म्हणजे १०, आय म्हणजे १. नव्या मुलांना मी हे रोमन आकडे पाठच करायला लावतो, कारण जुन्या मुंबई कायद्यांत एल-एक्स-एक्स-आय-एक्स असले प्रकार येतात (७९, १९४८ चा दुकान कायदा) आणि एक अक्षर चुकलं की भलताच कायदा निघतो.

क्रमांकाच्या जवळ, कंसात, बारीक अक्षरात एक ओळ असते: राज्यपालांची अनुमती मिळाल्यानंतर हा अधिनियम महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रथम अमुक दिनांकास प्रसिद्ध झाला. हीच ती ओळ. पीडीएफमध्ये ती नसेल तर तुमच्या हातात कायदा नाही. राष्ट्रपतींची अनुमती लागलेली असेल तर तिथं राष्ट्रपतींचा उल्लेख असतो.

शेवटच्या पानावर, अगदी तळाला, छापणाऱ्याचा पत्ता असतो. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालय, चर्नी रोड, मुंबई. सगळ्या राज्याचे कायदे तिथून बाहेर पडतात.

तिसरी पायरी: अंमल कधीपासून ते काढा

इथं घाई करू नका. सगळं या पायरीवर अडतं.

अधिनियमाचं कलम १ उघडा. पहिलं पोटकलम नाव सांगतं, पुढचं व्याप्ती किंवा प्रारंभ. प्रारंभाचे साधारण तीन प्रकार भेटतात.

कधी कलम १ अंमलाबद्दल काहीच बोलत नाही. तेव्हा महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम मदतीला येतो (इंग्रजीत जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट; जुनं नाव मुंबईचं, साल १९०४). त्याचं कलम ५ सांगतं की वेगळा दिवस ठरवलेला नसेल तर अनुमती राजपत्रात पहिल्यांदा प्रसिद्ध झाली त्या दिवशी अधिनियम अंमलात येतो. अनुमतीवर सही झाली तो दिवस धरायचा नाही, प्रसिद्धीचा धरायचा. सभागृहातल्या मंजुरीचा दिवस तर नाहीच नाही. त्यासाठी सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाच्या आरक्षणाचा २०२४ चा कायदा बघा. विशेष अधिवेशनात मंजूर झाला २० फेब्रुवारीला, राजपत्र २६ फेब्रुवारीचं, आणि लागूही २६ पासूनच. मधल्या सहा दिवसांत ‘लागू झाला’ म्हणून किती पेढे वाटले गेले ते सोडा.

दुसरा प्रकार म्हणजे ‘राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास अंमलात येईल’ अशी शब्दरचना. हे वाक्य दिसलं की समजायचं, अजून एक कागद शोधायचाय. दुकान कायद्याचं असंच झालं. राजपत्र सप्टेंबरचं आणि नेमलेला दिवस १९ डिसेंबर. ती अधिसूचना वेगळ्या अंकात, वेगळ्या तारखेला येते. काही वेळा ती सगळ्या कलमांसाठी एकदम निघतही नाही. अमुक कलमं आत्ता, बाकीची नंतर.

याचं माझं आवडतं उदाहरण आपल्या दुष्काळी भागाच्या जवळचं आहे. रोजगार हमी. मंगळवेढा, सांगोला, करमाळ्याकडच्या एका पिढीने या योजनेवर खडी फोडली आहे. त्या कायद्याचं नाव महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. क्रमांक बघायला गेलात तर १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम २०. आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. योजना तर १९७२ पासून चालू होती! एकाच कायद्याला तीन सालं, आणि तिन्ही बरोबर. नावातलं साल विधेयकाचं, क्रमांकातलं साल अनुमती मिळून राजपत्रात आल्याचं, तिसरं प्रत्यक्ष अंमलाचं. १९७७ च्या यादीत क्रमांक २० शोधत बसाल तर दुसराच कायदा हाती येईल. राजभाषा अधिनियमही तसाच: नावात १९६४, क्रमांक १९६५ चा ५. वर्षाच्या शेवटच्या अधिवेशनात मंजूर झालेल्या कायद्यांचं हे हटकून होतं.

तिसरा प्रकार मागच्या तारखेचा. ‘अमुक दिनांकास अंमलात आला असल्याचे मानण्यात येईल’. आधी अध्यादेश असला की हा शब्दप्रयोग येतो. लोकसेवा हक्क अध्यादेश २८ एप्रिल २०१५ चा, त्याचा अधिनियम (२०१५ चा क्रमांक ३१) राजपत्रात आला २१ ऑगस्ट २०१५ ला, पण तो लागू मानला जातो २८ एप्रिलपासूनच. म्हणून दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून अपील करणाऱ्याने मे २०१५ चा अर्ज दाखवला असता तरी तो कायद्याच्या कक्षेत आला असता.

प्रसिद्धीला एवढं महत्त्व का?

ही पायरी नव्हे, पण नवीन माणसाला हे दोन खटले सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिला जयपूरचा. तिथल्या मंत्रिमंडळाने ११ डिसेंबर १९२३ ला ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो कुठं छापलाच नाही. ना राजपत्रात, ना कुठं जाहीर. पुढं हरला नावाच्या माणसाला त्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५१ मध्ये न्यायालयाने दंड रद्द केला. जो कायदा लोकांना कळायची सोयच केली नाही, तो त्यांच्यावर लादता येत नाही. पन्नास रुपयांसाठी केवढा मोठा नियम पक्का झाला बघा.

दुसरा मुंबईचा, आणि उलट्या बाजूचा. झुरिचहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज नावाचा प्रवासी २८ नोव्हेंबर १९६२ ला सांताक्रूझ विमानतळावर सापडला, अंगावर ३४ किलो सोनं. तो मुंबईत उतरणारही नव्हता, विमान तेवढं थांबलं होतं. सोनं असं पुढं न्यायला अडवणारी अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली होती २४ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या चार दिवसांपूर्वी. परदेशातल्या माणसाला हे कसं कळणार, असा बचाव होता. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राजपत्रात आलं ना, मग पुरे.

दोन्ही मिळून व्यवहार असा: छापलं नाही तर तुम्हाला बांधत नाही, छापलं तर ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही. सोनं सोडा, आपल्या चाटी गल्लीतल्या दुकानदारालाही हेच लागू.

चौथी पायरी: नियम वेगळे शोधा

अधिनियम सांगतो ‘विहित नमुन्यात अर्ज करावा’. नमुना कुठाय, फी किती, मुदत किती? ते सगळं नियमांत. आणि नियम शासन करतं, विधिमंडळ नाही. दुकान कायद्याचे नियम अधिनियमानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने आले हे वर सांगितलंच.

पुष्कळ नियमांचा आधी मसुदा राजपत्रात येतो आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. हा काळ लोक वाया घालवतात. यंत्रमागवाल्यांच्या संघटनेतला एक ज्येष्ठ कारखानदार मला म्हणाला होता, “आम्हाला कळतंय तवर नियम पक्का झालेला असतोय.” त्यांचं खरं आहे, पण मसुद्यावर तारीख आणि हरकत पाठवायचा पत्ता दोन्ही छापलेलं असतं. हरकत साध्या कागदावर चालते, मराठीत चालते. पोच घ्या.

मसुदा आणि अंतिम नियम दिसायला सारखे. मसुद्याच्या प्रस्तावनेत ‘करण्याचे प्रस्तावित आहे’ असा सूर असतो. अंतिम नियमांत ‘याद्वारे पुढील नियम करीत आहे’. तेवढं बघून घेतलं की फसगत टळते.

पाचवी पायरी: प्रत कुठून मिळवायची

सगळ्यात सोपी वाट ऑनलाइन. मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर राजपत्राचे अंक आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ मुळे इलेक्ट्रॉनिक राजपत्रातली प्रसिद्धी छापील प्रसिद्धीइतकीच ग्राह्य आहे, आणि जे रूप आधी आलं त्याची तारीख धरली जाते. त्यामुळे ‘छापील आणा’ असा हट्ट कुणी धरला तर हे कलम नम्रपणे दाखवा. विधेयकं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर, जुने-नवे अधिनियम विधि व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या इंडिया कोडवर, जीआर त्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळावर.

शोधताना नावावर भिस्त ठेवू नका. बऱ्याच मराठी पीडीएफ स्कॅन केलेल्या किंवा जुन्या फॉण्टमधल्या असतात. ‘दुकाने’ असा शब्द टाकला तर काही सापडत नाही आणि मजकूर कॉपी केला तर कागदावर मेलेल्या मुंग्यांसारखी, वाचता न येणारी अक्षरं उमटतात. तारीख, भाग आणि असाधारण हे तीन धरून शोधा. तारीख माहीत नसेल तर बातमीच्या तारखेपासून पुढचे दोन-तीन आठवडे चाळा.

छापील प्रत हवी असेल तर शासकीय ग्रंथागार. सोलापूरकरांना जवळचं ते पुण्याचं, जीपीओजवळ, फोटोझिंको मुद्रणालयाच्या आवारात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलात तर काम उरकून त्याच दिवशी परत येता येतं. निघण्याआधी फोन करून प्रत शिल्लक आहे का विचारा. हा सल्ला फुकटचा नाही, रिकाम्या हातांनी परत आल्यावर सुचलेला आहे.

गावातल्या गावात बघायचं तर विधी महाविद्यालयाचं ग्रंथालय आणि न्यायालयाच्या आवारातली वकिलांची लायब्ररी. नवीन माणसाने तिथं ‘कायदा द्या’ न म्हणता ‘अमुक सालचा अमुक क्रमांकाचा महाराष्ट्र अधिनियम’ असं मागावं. ग्रंथपालांचा चेहराच बदलतो.

आणि शेवटचा उपाय माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपण ज्या नियम-विनियमांनुसार काम करतो त्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. एखाद्या खिडकीवर ‘असा नियमच आहे’ म्हणून परत पाठवलं तर भांडू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा: ज्या नियमाच्या आधारे माझा अर्ज नाकारला त्या नियमाची, राजपत्राच्या दिनांकासह, प्रत मिळावी. प्रतीचे पानाला दोन रुपये. पुष्कळदा प्रत येण्याआधी काम होतं.

दवंडीची वाट मात्र बघू नका. माझे आजोबा सांगायचे, सरकारी हुकूम चावडीवर वाचून दाखवायचे. आता भूसंपादनासारख्या काही बाबतींत ग्रामपंचायतीत प्रसिद्धी, दोन वर्तमानपत्रं वगैरे कायद्यानेच बंधनकारक आहे. पण सर्वसाधारण नवा कायदा आला म्हणून तुमच्या दारात कुणी येत नाही.

सहावी पायरी: सुधारणा आणि जुनी नावं तपासा

राजपत्रातला अंक त्या दिवसाचं छायाचित्र असतो. पुढं सुधारणा अधिनियम येतात, आणि ते वाचायला भयंकर असतात: ‘कलम अमुक मध्ये, या शब्दांऐवजी, तो शब्द दाखल करण्यात येईल’. मूळ कायदा शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. मी अजूनही मूळ प्रतीवर पेन्सिलने खाडाखोड करूनच वाचतो. दुकान कायद्यातच बघा. मराठी देवनागरी पाट्यांची तरतूद २०२२ च्या सुधारणेने सगळ्या दुकानांपर्यंत नेली. २०१७ ची प्रत बघून ‘आमचं छोटं दुकान, आम्हाला पाटीचं बंधन नाही’ म्हणणारे बाळीवेशीत मला भेटलेत. कामगारसंख्येसारखे आकडे तर कधीही बदलतात. म्हणून कुठल्याही प्रतीवर ‘अमुक दिनांकापर्यंत सुधारित’ ही ओळ शोधा, आणि त्या दिनांकानंतरची अधिवेशनं तपासा.

नावांचंही तसंच. ‘मुंबई’ने सुरू होणारे बरेच कायदे २०१२ च्या २४ क्रमांकाच्या अधिनियमाने ‘महाराष्ट्र’ झाले. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ म्हणजेच आजचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम. जुना निकाल वाचताना वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका, साल आणि क्रमांक तेच आहेत.

सातवी पायरी: वहीत नोंद करा

हे सगळं केल्यावर जे हाती लागलं ते तसंच ठेवलं तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या टेबलावर एक लांबडी हिशेबाची वही आहे. तिच्यात प्रत्येक कायद्याला एक पान: नाव, साल व क्रमांक, राजपत्राचा भाग आणि दिनांक, अंमलाचा दिनांक व तो कशामुळे (कलम १ की अधिसूचना), नियमांचा दिनांक, सुधारणा. सुधारणांसाठी अर्धं पान मोकळं. दुकान कायद्याचं ते अर्धं पान केव्हाच भरलं, आता खाली चिकटवलेली पट्टी आहे.

अर्जात उल्लेखही याच क्रमाने करा: ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७ (२०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६१), कलम अमुक’, आणि सोबत राजपत्राच्या पहिल्या पानाची व त्या कलमाच्या पानाची प्रत. त्या बारीक अक्षरातल्या ओळीखाली रेघ मारा.

नव्या पेठेतला तो दुकानदार अजून फोन करतो. हल्ली विचारतो, “अण्णा, पास झालाय म्हणे. वहीत आलाय का?”